साडेचारच्या खाली नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, सगळं गणगोत 'साडेचार' म्हणतं. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. चुकून कानावर पडलं तर चिडायचं सोडून ते छाती दोन बोटं पुढे काढतात. साडेचार हा त्यांच्या कॉम्प्युटरचा वेग. तोही खरा नव्हे, भाऊजींनी दिलेला.

त्याचं असं झालं. ज्या कंपनीने तो प्रोसेसर बनवला, तिथल्या इंजिनियरांनी अनेक महिने डोकेफोड करून ठरवलं की याने तीन पूर्णांक तीन गिगाहर्ट्झच्या वेगाने चालावं. भाऊजींनी एका सुट्टीच्या दुपारी चहा पिता पिता त्या सगळ्यांना वेड्यात काढलं. मशीनच्या पोटातल्या सेटिंगमध्ये शिरून आकडा वाढवत वाढवत साडेचारवर नेला. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. मशीन भडकलं नाही, धूर आला नाही, उलट गेम भन्नाट पळायला लागले. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा शाळेत होती. तिने आईची लाल नेलपॉलिश आणून कॅबिनेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, '४.५. याच्या खाली नाही.' पुढे एक उद्गारचिन्हही होतं, पण ते ओघळून खाली गेलं.

त्याला आता जमाना झाला. भाची नर्स होऊन दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात रुजूही झाली. त्या काळात भाऊजींचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी जिने चढताना दमाने घ्या म्हणून सांगितलं. भाऊजींनी ते ऐकलं. मशीनला मात्र दमाने घ्यायची मुभा नव्हती. ते साडेचारच्या वेगाने पळत राहिलं आणि पळताना असा आवाज करायचं की फोनवर पलीकडचा माणूस विचारायचा, "विमानतळावर आहात का?"

भाऊजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. टेबलावर प्लास्टरचे जबडे असे रांगेने मांडलेले असतात की नव्या माणसाला वाटावं, कुणीतरी आपल्याला हसतंय. तिथले भाऊजी म्हणजे संतमाणूस. कवळी तयार झाली की ते गिऱ्हाइकाला निळा कागद चावायला देतात. जिथे निळा ठिपका उमटेल तिथे केसभर घासतात, पुन्हा चावायला लावतात, पुन्हा केसभर घासतात. घाई नाही, चिडचिड नाही. आणि वर एक ठरलेलं वाक्य, "कवळी आवळून बसवली की माणूस पहिल्या दिवशी खूश असतो आणि चार दिवसांनी माझ्या दारात असतो. थोडी मोकळीक ठेवावी लागते."

हाच माणूस घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसला की त्याच्यातला संत चपलांबरोबर दाराबाहेर राहतो.

भाची दूर गेल्यापासून बापलेकीचा एक नेम आहे. रविवारी दुपारी तिला ड्यूटी नसते. ती तिच्या खोलीवर, हे इथे, आणि दोघं मिळून एक गेम खेळतात. गेम साधा आहे. बर्फाळ डोंगर, एक खटारा ट्रक, ट्रकमध्ये औषधांची खोकी. एकाने ट्रक चालवायचा, दुसऱ्याने शेजारी बसून नकाशा वाचायचा आणि डोंगरापलीकडच्या दवाखान्यात औषधं पोचवायची. चालवायला भाऊजी, नकाशाला लेक. आठवडाभर फोनवर "जेवलीस का?" "जेवले" यापलीकडे न बोलणारी ही दोन माणसं त्या ट्रकमध्ये मनमोकळं बोलतात. कुठल्या पेशंटने काय मजा केली, कुठल्या कवळीने काय छळलं, सगळं. ताई शेजारच्या खोलीत शिवणकाम घेऊन बसते. दार उघडं ठेवते आणि ऐकत नसल्याचं दाखवते.

या नेमाचे काही विधी आहेत. भाऊजींचं जेवण होईपर्यंत ताई मशीन चालू करून ठेवते, कारण ते जागं व्हायला अलीकडे बराच वेळ घेतं. मग घरात आणीबाणी जाहीर होते. मिक्सर बंद, इस्त्री बंद, वॉशिंग मशीन बंद. कारण काय, तर "व्होल्टेज हलतं." एकदा मी नुसता मोबाइल चार्जिंगला लावला, तर भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बॅटरी संपेपर्यंत माफी मागत होतो.

आणि एवढं करूनही गेल्या काही रविवारांपासून एकच प्रकार चालला होता. दवाखान्याच्या अलीकडे एक लांबलचक पूल आहे. खाली नदी, वर हिमवादळ, बाजूला धबधबा. सगळंच एकदम पडद्यावर येतं. ट्रक पुलाच्या मधोमध आला की मशीनचा आवाज टिपेला जायचा, चित्र थिजायचं, स्पीकरमधून 'घर्रर्र' असा घास अडकल्यासारखा आवाज यायचा आणि पडदा निळा व्हायचा. इकडे मशीन मेलं की तिकडे भाचीच्या पडद्यावर ट्रकचा ड्रायव्हर गायब व्हायचा. बिनड्रायव्हरचा ट्रक कठडा तोडून सरळ नदीत. मग फोन वाजायचा.

"बाबा, मी परत नदीत."

"अगं, वीज हलली बहुतेक."

"मागच्या वेळी गेम बनवणाऱ्यांची चूक होती."

"तीही आहेच!"

मी हजर होतो त्या रविवारी मात्र तिचा पारा चढला होता. नाइट ड्यूटी करून ती दुपारी जागी राहिली होती आणि बापाने तिला पुन्हा पाण्यात घातलं होतं.

"बाबा, तुला शेवटची संधी. आमच्या एक्स-रेवाल्याकडे नवाकोरा कॉम्प्युटर आहे. तो म्हणतोय, मी चालवतो, पूल ओलांडून देतो. पुढच्या रविवारी आपण दवाखान्यात पोचलो नाही, तर मी त्याला ड्रायव्हर घेते. तू बघायला ये हवं तर."

"बघायला?" भाऊजींचा आवाज कॅबिनेटच्या मागून आल्यासारखा आला.

दारातून ताईने मान आत घातली. "अगं, हा एक्स-रेवाला कोण? लग्न झालंय का त्याचं?"

"आई, तू फोन ठेव."

"फोन तुझ्या बाबांकडे आहे. मी नुसतं विचारतेय. स्वभावाने कसा आहे?"

भाऊजींनी फोन ठेवला आणि कॅबिनेटवरच्या लाल अक्षरांकडे पाहत बसले. स्टिअरिंग जात होतं. त्या ट्रकमधली लेकीशेजारची जागा जात होती, आणि ती ज्याला मिळणार होती त्याच्याबद्दल त्यांच्या बायकोने चौकशीही सुरू केली होती.

"भाऊजी," मी भीत भीत म्हणालो, "एक आठवडा वेग कमी करून बघितला तर?"

"मेहुणे, तुम्ही चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळे मिटून फिरता का?"

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजाला अर्थाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. कॅबिनेटची बाजू उघडून ठेवली गेली ती आठवडाभर उघडीच राहिली. भाऊजींनी रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. प्रोसेसरवरची, त्याला थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट खरवडून, कवळ्या घासायच्या ब्रशने साफ करून, नवी पेस्ट लावली. ती इतकी की बाजूने ओघळली. पंख्यातली धूळ फुंकली. ती उडून ताईच्या शिवणावर बसली. ग्राफिक्सचा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम नवा टाकला, मग जुना टाकला, मग मधला टाकला. आतल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. हाताला लागली म्हणून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीसुद्धा बदलून नवी बसवली. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. आणि हे सगळं एकाच वेळी! गिऱ्हाइकाच्या एका दाढेसाठी दहादा निळा कागद चाववणारा हा माणूस इथे सगळे दात एकदम उपटून "आता चावा" म्हणत होता. मग गेम लावायचा, पुलावर जायचं, घर्रर्र, निळा पडदा.

शेवटी ते मशीन छातीशी धरून दुरुस्तीच्या दुकानात गेले. मी सोबत होतो. दुकानदाराने आकडा बघितला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, हे साडेचारवर चालतंय? अजून?"

"अर्थात," भाऊजी म्हणाले आणि प्रशस्तिपत्रकासाठी थांबले.

"कमी करा. तरुणपणी पळाली चिप. आता धापा टाकतेय. त्या पुलावर सगळा भार एकदम येतो, तिथे तिचा श्वास संपतो. दुसरं काही नाही."

"तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय कधी?"

"नाही बुवा."

"मग!" असं म्हणून भाऊजींनी मशीन उचललं. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही स्वतःचं मशीन बिघडवून घेतलं नाही, त्याचं ज्ञान ते काय!

आता इथे ताईच्या संसाराबद्दल थोडं सांगायला हवं. ताईच्या घरात बॅटऱ्या आणि सेल विकत आणण्यावर जवळजवळ बंदी आहे. आहेत तेवढे सेल घरभर फिरतात. टीव्हीचा आवाज वाढवायचा असेल तर भिंतीवरचं घड्याळ थांबवून त्यातले सेल रिमोटमध्ये घालावे लागतात. टॉर्च लागली की रिमोट मुका होतो. मी एकदा याबद्दल तक्रार केली, तर ती म्हणाली, "माणूस एका वेळी एकच काम करतो ना? मग सेल कशाला जास्तीचे?" या युक्तिवादात चूक काढायला मी बरेच दिवस घालवले आणि हात टेकले. तिची दुसरी सवय म्हणजे रात्री निजायच्या आधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करणं. "झोपलेल्या यंत्राला वीज कशाला?" हे तिचं म्हणणं. कॉम्प्युटरही त्यातून सुटत नाही.

रविवार उजाडला. सकाळपासून भाऊजी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. ताईला मात्र फुरसत नव्हती. ती घरी केक करून देते आणि तिच्याकडे एका मोठ्या केकची ऑर्डर होती. स्वयंपाकघरातून मध्येच तिचा करवादलेला आवाज आला, मग इकडून तिकडे पावलं वाजली, मग सगळं शांत झालं आणि लोण्याचा वास सुटला.

दुपारी जेवण उरकून आम्ही खोलीत आलो. ताईने नेहमीप्रमाणे मशीन चालू करून ठेवलं होतं. भाऊजी खुर्चीत बसले. दोन्ही हात चोळले, कॅबिनेटला एकदा हलकेच थोपटलं. शर्यतीआधी घोड्याला थोपटतात तसं. या घोड्याचं वय त्या क्षणी कुणीच काढलं नाही.

"बाबा, तयार?"

"तयार."

"एक्स-रेवाला पण ऐकतोय हं. इथेच बसलाय."

"नमस्कार, काका," एक पातळ आवाज आला. भाऊजींनी दात आवळून नमस्कार घेतला. दारात ताई पिठाचे हात घेऊन उभी राहिली.

ट्रक निघाला. घाट आला, वळणं आली. बापलेकीच्या गप्पा आज बंद होत्या. "डावीकडे." "हं." "पुढे उतार." "हं." पूल दिसला तसे भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. बर्फ भिरभिरायला लागलं. धबधबा आला. पुलाचा पहिला खांब गेला, दुसरा गेला, मधला आला. मी डोळे मिटले. घर्रर्रची वाट पाहत होतो.

ट्रक मधला खांब ओलांडून पुढे गेला. पुढचा खांब. त्याच्या पुढचा. आणि पूल संपला.

"बाबा!" भाची इतक्या जोरात ओरडली की स्पीकर थरथरला. "बाबा, आपण पोचलो! कसं केलंस?"

दवाखान्याच्या दारात ट्रक थांबला होता. भाऊजींचे डोळे भरून आले होते आणि त्याच भरल्या डोळ्यांनी ते गर्वाने फुगत होते. "पेस्ट," ते म्हणाले. "पेस्टमध्ये सगळं असतं. लोक कंजूषपणा करतात."

"साडेचारवर?"

"त्याच्या खाली कधी गेलोय का आपण?"

"मग आत्ताच्या आत्ता वेगाचा फोटो पाठव. मला याला दाखवायचाय. म्हणत होता, शक्यच नाही."

"घे!" असं म्हणून भाऊजींनी वेग दाखवणारी खिडकी उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पडद्यावर शांतपणे लिहिलं होतं, तीन पूर्णांक तीन.

भाऊजींनी खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. तीन पूर्णांक तीन. चष्मा पुसून पाहिलं. आकडा तसाच होता, आता जास्त स्वच्छ दिसत होता.

"बाबा? आला नाही फोटो."

"पाठवतो, पाठवतो. नेट जरा..." त्यांनी माईक बंद केला आणि आमच्याकडे वळले. "या मशीनला कोणी हात लावला?"

मी दोन्ही हात वर केले. ताईने पिठाचे हात पदराला पुसले.

"मी फक्त चालू केलं, नेहमीसारखं. आज ते जरा अडलं होतं. काळ्या पडद्यावर कसलीशी पाटी आली. एफ-वन दाबा म्हणाली. मी दाबलं. पाहुणा दारात उभा राहिला तर मी ये म्हणते, ही तर नुसती पाटी होती."

"पाटी का आली?"

"ते मला काय माहीत? मी आतलं काही काढलं नाही." तिने पदरावरचं पीठ झटकलं. "त्या नाण्याशिवाय."

मशीनचा पंखा हळू फिरत होता, इतका हळू की आज विमानतळाची आठवणही येत नव्हती.

"कुठलं नाणं?"

"अहो, तुम्ही परवा नवं बसवलंत ते. माझा वजनकाटा सकाळी ऐन वेळी बंद पडला. केकचं लोणी काय अंदाजाने घालू? बाजू उघडीच होती. काढलं, काट्यात घातलं. अगदी मापाचं बसलं. तुमचं मशीन तसंही भिंतीतल्या विजेवर चालतं, त्याला सेल कशाला?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं की भिंतीचं बटण बंद असताना मशीनच्या सगळ्या सेटिंगची आठवण त्या नाण्यात राहते. नाणं गेलं की मशीन सगळं विसरतं आणि पुन्हा कंपनीने सांगितलं होतं तसं वागायला लागतं. त्यांनी स्वतः ते बदललं तेव्हा लगेच साडेचारचा आकडा पुन्हा भरला होता. म्हणजे रॅम घासून झाला, पेस्ट ओतून झाली, टेबल ओढून झालं आणि पूल ओलांडला तो वजनकाट्याने.

"मग बरंच झालं की," ताई म्हणाली. "पोचलात ना?"

"बरं झालं?" भाऊजी उभे राहिले. "अगं, ते साडेचार आहे! तिने लिहिलंय ते. तिच्या हाताने."

"तिने भिंतीवर हत्तीही काढला होता. पाळला का आपण?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की गिऱ्हाइकाला तुम्ही रोज काय सांगता. आवळून बसवली की चार दिवसांनी दारात. तुमच्या मशीनची कवळी आवळलीय. आणि दारात कोण उभा आहे ते ऐकलंत ना मघाशी? 'नमस्कार, काका.'"

इतकं बोलून ती केक बघायला गेली. भाऊजी खाली बसले. पडद्यावर ट्रक दवाखान्याच्या दारात उभा होता आणि त्यात नकाशा हातात धरून त्यांची लेक त्यांची वाट पाहत होती.

तो आठवडा भाऊजींनी सुतकात काढला. घरी जाईन तेव्हा कॅबिनेटची बाजू उघडी आणि हे समोर बसलेले. नवी बॅटरी आणून बसवली होती. एकदा तर सेटिंगचा पडदा उघडून, आकड्यावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले होते. वर साडेचारला जायला दोन-चार कळा पुरे होत्या. मी काही बोललो नाही. मागच्या खेपेला मी बोललो तेव्हा मला चष्म्याचं उदाहरण मिळालं होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. कॅबिनेटची बाजू बंद झाली होती. लाल अक्षरं होती तिथेच होती. मी आत डोकावायच्या आधीच भाऊजी म्हणाले, "मेहुणे, तीन पूर्णांक तीन. चकार शब्द काढायचा नाही."

"भाऊजी, मी काही..."

"तुमच्या चेहऱ्याने काढला."

भाची ट्रकमध्ये आली. मी मागून "मामा पण आलाय बरं" म्हणून हजेरी लावली. आज नवी सफर होती, आणखी उंच डोंगर, आणखी वाईट पूल. एक्स-रेवाल्याचा आवाज नव्हता. तो म्हणे त्याचा त्याचा ट्रक घेऊन वेगळा खेळत होता. भाऊजींच्या चेहऱ्यावर प्रथमच त्या मुलाबद्दल थोडी आस्था दिसली. ट्रक निघणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "बाबा, थांब. तुझ्या मशीनचा आवाज का येत नाहीये? मागच्या रविवारीही आला नव्हता, आणि तो फोटोही राहिला. वेग कमी केलास का?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि मला खूण केली. कोपऱ्यात टेबल फॅन होता. मी तो उचलून माईकजवळ आणला आणि बटण पूर्ण फिरवलं. खोलीत जुना, ओळखीचा, विमानतळावरचा आवाज भरला. भाऊजींनी हात काढला.

"कमी? मी? ऐक नीट!"

"हां," भाची म्हणाली. "आता बरं वाटलं. हा आवाज नसला की मला वाटतं, तू घरी नाहीस."

भाऊजींनी स्टिअरिंग घेतलं. घाट सुरू झाला. गप्पाही सुरू झाल्या. कुणा आजोबांनी ऑपरेशनच्या आधी कवळी काढायला साफ नकार दिला होता आणि भाऊजींना ती कवळी कुणी बनवली ते कळायलाच हवं होतं. मी पंखा धरून उभा होतो. दारातून ताईने पाहिलं, विजेचं बिल मनातल्या मनात वाढवलं आणि जन्मात पहिल्यांदा कुठलंच बटण बंद न करता निघून गेली.

अर्ध्या घाटात भाची मध्येच थांबली.

"बाबा?"

"हं?"

"तुझा प्रोसेसर मान हलवतोय का रे? आवाज एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. पंखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, निवांत खोली न्याहाळत होता. मी घाईघाईने मागची खुंटी ओढली. तो एका जागी थांबला.

"आता?" भाऊजींनी विचारलं.

पलीकडून हसू दाबताना येतो तसा आवाज आला.

"आता अगदी साडेचार वाटतंय," भाची म्हणाली. "मामाला सांग, हात दुखला की टेबलावर ठेव. पुढे उजवं वळण आहे, बाबा. सावकाश घे."

आणि भाऊजींनी ते खरोखर सावकाश घेतलं.